रेवदंड्याच्या खाडीवरचा काळा दिवा

वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरी दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे फडताळात डबाभर नटबोल्ट, ज्यांचा आता कशालाच उपयोग नाही. आणि दुसरी, किस्से! नटबोल्ट आमची ही दर दिवाळीला भंगारात घालते. किश्शांना मात्र भंगारवाला मिळत नाही. ते आपले वाढतच जातात. परवा तुमच्यापैकीच कुणी तरी विचारलंत, "दिवेकर, तुम्ही त्या लाँच कंपनीत नक्की करत काय होता हो?" म्हटलं, बसा. चहा टाकायला सांगितलाय.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमच्या कंपनीचं वर्कशॉप होतं. कंपनीच्या लाँचा हिवाळा-उन्हाळा माणसं, नारळ, सुपारीची पोती आणि कोंबड्यांचे खुराडे घेऊन किनाऱ्यानं फिरायच्या. पावसाळ्यात दर्या खवळला की त्यांना वर ओढायचं आणि खोलून दुरुस्त करायचं. त्यातली सगळ्यात जोखमीची वस्तू म्हणजे शाफ्ट. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा हा लोखंडी दांडा. त्याला केसाएवढा जरी तडा असला आणि तो भर दर्यात मोडला, की लाँचची झाली तरंगती धर्मशाळा! वारा नेईल तिकडे जायचं आणि ज्याच्या त्याच्या देवाचं नाव घ्यायचं.

हे तडे शोधायला आमच्या शेठजींनी मुंबईच्या डिस्पोजलच्या बाजारातून, म्हणजे लढाईतला उरलेला माल विकतात तिथून, एक दिवा आणला. विमानांचे भाग तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा! शाफ्ट रॉकेलनं धुवायचा, एका पिवळट औषधात भिजवायचा, पुसायचा, वरून पांढरी पूड मारायची आणि अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यावर हा दिवा धरायचा. तड्यात मुरलेलं औषध हिरवंगार चमकतं. बाकी सगळा काळोख. म्हणून वर्कशॉपनं त्याचं नाव ठेवलं काळा दिवा. तो चालवायला माणूस हवा होता. मी डिप्लोमा घेऊन अलिबागहून नुकताच आलो होतो. मॅनेजर प्रधानसाहेबांनी माझा अर्ज उघडला, आडनाव वाचलं आणि अर्ज मिटला. म्हणाले, "दिवेकर? मग प्रश्नच नाही!"

*

दिव्याचं उद्घाटन दणक्यात झालं. अंगणात टेबल, टेबलावर दिवा, दिव्याला हार. प्रधानसाहेबांनी भाषण केलं. कायस्थ गृहस्थ, अतिशय हुशार, पण बोलायला लागले की विज्ञानावरून सुरमईवर कधी घसरतील याचा नेम नसायचा. सुरमई आटोपल्यावर नारळ फुटला आणि मी बटण दाबलं.

काही नाही!

एक तर हा दिवा तापायला वेळ घेतो. त्यातून भर दुपारच्या उन्हात त्याचा तो जांभळट उजेड दिसणार कुणाला? मंडळी दिव्याकडे बघतायत आणि मी मंडळींकडे बघतोय. शेवटी गर्दीतून हिरू तांडेल पुढे आला. हिरू आमच्या सगळ्यात मोठ्या लाँचचा कप्तान. कोळीवाड्यातला माणूस, आवाज असा की त्याच्या लाँचला भोंग्याची गरज नव्हती. तो दिव्याशी वाकला, डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "सायब, दिवा पेटवलाव का इजवलाव?"

त्या दिवशीच्या सगळ्या टाळ्या त्यालाच मिळाल्या.

आमचे फोरमन इब्राहिम मिस्त्री मात्र हसले नाहीत. मिस्त्री मुरुडचे. तडा शोधायची त्यांची आपली रीत होती. शाफ्ट साखळीला टांगायचा, हातोडीनं हलका टोला द्यायचा आणि डोळे मिटून नाद ऐकायचा. बाजूला कुणी शिंकलं तरी त्याची खैर नसायची. त्यांनी दिव्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "दिवेकर, ज्या उजेडात माणसाला माणूस दिसत नाय, त्यात तडा काय दिसणार? खाक!"

*

अंधारी खोली करायला काळं कापड हवं होतं. लाँचमध्ये लोक विसरून जात त्या छत्र्यांचा आमच्याकडे ढीग साठलेला होता. प्रधानसाहेबांनी हुकूम सोडला, छत्र्या उसवा आणि पडदा शिवा. पडदा झकास झाला.

काही दिवसांनी अलिबागचे एक वकील कंपनीच्या कामाला आले. मोठ्या कौतुकानं खोली बघायला उभे राहिले आणि एकदम पडद्यावर बोट ठेवून ओरडले, "हे माझं नाव!" बघतो तर खरंच, पांढऱ्या दोऱ्यानं त्यांचं नाव टाचलेलं! वकीलच ते. कात्री मागितली, आपला तुकडा कापला, घडी घालून बॅगेत ठेवला आणि निघून गेले. नवी छत्री हाती लागेपर्यंत आमच्या अंधाराला एका वकिलाएवढं भोक होतं.

*

मग आला दसरा. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पान्याला हात लावायचा नाही. सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. जादा ठेवलेले शाफ्टही ओळीनं मांडले होते. फिटर मंडळींनी भक्तीच्या भरात हळद तेलात कालवली आणि शाफ्टना चांगली चोपडली.

सण संपल्यावर मी कामाला लागलो. शाफ्टवरून फडकं फिरवलं, औषधात भिजवला, पुसला, पूड मारली, दिवा धरला, तर काय! शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होता! दुसरा बघितला, तोही चमकतोय. तिसरा, तोही! आणि याच मालातले शाफ्ट लाँचांमध्ये बसवलेले होते. मी धावत पोस्टात गेलो आणि मुंबईला शेठजींना तार ठोकली, "सर्व शाफ्ट तडकले. लाँचा थांबवा."

थांबल्या! मुरुडचे लोक मुरुडला, रेवदंड्याचे रेवदंड्याला. अलिबागच्या कोर्टात म्हणे वादी हजर, प्रतिवादी धक्क्यावर! कोंबड्यांनी धक्क्यावर अंडी घातली.

इब्राहिम मिस्त्री आत आले. शाफ्टवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं. आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "दिवेकर, ह्याला तडा नाय. ह्याला हळद लागलीय. आता लगीन लावून टाका!"

हळद काळ्या दिव्याखाली चमकते, हे मला डिप्लोम्यात कुणीच सांगितलं नव्हतं हो!

झालं. शेठजींचे जावई कंपनीची सगळी खरेदी बघायचे. वर्कशॉपमध्ये त्यांना जावईबापू म्हणत, तोंडावर अर्थात 'सर'. तपासायला बसलेला माणूस खरेदी करणाऱ्याला कधीच गोड लागत नाही. त्यांना आयतं कोलीत मिळालं. मोटारीनं आले आणि सगळ्यांसमोर मला सुनावलं, "येत्या नारळी पौर्णिमेपर्यंत या दिव्यानं एक तरी खरा तडा दाखवला पाहिजे. नाही तर दिवा विकायचा आणि याला बंदरावर तिकीट खिडकीत बसवायचं. तिथे माणूस हवाच आहे!"

*

आता हा नुसता माझ्या नोकरीचा प्रश्न नव्हता. श्रीवर्धनच्या एका सुपारीबागवाल्यांची मुलगी मला सांगून आली होती. मुलगी मी बघितली होती आणि त्यानंतर मला दुसरं काही सुचत नव्हतं! मुलीचे वडील आप्पा. त्यांनी ठरवलं की मुलगा काम काय करतो ते स्वतः जाऊन बघायचं.

आले. पांढरंस्वच्छ धोतर, पांढरा सदरा. मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दिवा लावला. त्यांच्या मुंबईच्या मुलानं धुण्याची कसली तरी नवी पूड पाठवली होती. त्या पुडीचा गुण म्हणा, दिवा तापला तसं आप्पांचं धोतर निळंशुभ्र झगझगायला लागलं! आप्पा सावळे. धोतर दिसतंय, सदरा दिसतोय, आप्पा कुठेच नाहीत! तेवढ्यात हिरू तांडेलनं पडदा सारून आत डोकं घातलं, एक किंकाळी फोडली आणि बाहेर पळाला. अंगणातून त्याचा आवाज येत होता, "आत धोतार उभा हाय! मानूस न्हाय!"

आप्पा शांतपणे बाहेर आले. म्हणाले, "इन्स्पेक्टर आहात हे ऐकून होतो. पण तिकीट खिडकीचंही काही तरी ऐकलं." धोतर सावरत पुढे म्हणाले, "आमच्या श्रीवर्धनची सुपारी आहे, दिवेकर. उगीच फुटत नाही. तिकीट खिडकीसाठी तर मुळीच फुटणार नाही. नारळी पौर्णिमा होऊ दे, मग बोलू."

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, मुलगा कसा आहे? त्यावर आप्पा म्हणाले, "चांगला आहे. दिसला नाही, पण चांगला आहे."

हे मला हिनं नंतर सांगितलं.

*

दुपारच्या सुट्टीत चांगुणा मासळीची पाटी घेऊन वर्कशॉपवर यायची. तिचं पहिलं गिऱ्हाईक प्रधानसाहेब आणि शेवटचंही प्रधानसाहेब. एकदा त्यांना संशय आला की पापलेट कालचं आहे. विज्ञाननिष्ठ माणूस! पापलेट उचललं आणि थेट अंधाऱ्या खोलीत. चांगुणा मागोमाग, पाटी डोक्यावर, तोंड सुरूच, "सायब, पापलेट कंदी आंधारान बगतान? कल्लं उचलून बगा, कसं लाल हाय!"

साहेबांनी मला दिवा धरायला लावला. पापलेट चमकत होतं बरं का! ठिपक्याठिपक्यांनी, हिरवंगार. साहेब विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघ! हे काय?"

चांगुणानं पापलेट हिसकावून घेतलं, पदरानं खसकन पुसलं आणि पुन्हा दिव्याखाली धरलं. मासा काळाभोर! आणि साहेबांची पाचही बोटं मात्र हिरव्या मिरच्यांसारखी चमकत होती. सकाळी त्यांनी औषधात भिजवलेला शाफ्ट हाताळला होता आणि हात धुतले नव्हते.

"सायब," चांगुणा म्हणाली, "मासा ताजा हाय. नासलाय तो तुमचा हात!"

ते पापलेट साहेबांना मुकाट्यानं घ्यावं लागलं. त्याच हातानं.

*

मे महिन्यात वेगळंच लचांड झालं. दिव्यात तडा दिसतो ही बातमी गावातल्या बायकांपर्यंत पोचली, आणि तो महिना पडला लोणच्यांचा. सकाळी येऊन बघतो तो वर्कशॉपच्या दारात बरण्यांची रांग! बरणीला तडा असला की खार झिरपतो आणि लोणचं बुरसतं, तेव्हा आधी दिवेकरांच्या दिव्यात बघून घ्या! औषध कशाला, बायकांनी आपापली हळद कालवून आणली होती. ही अक्कल त्यांना कुणी दिली, ते मिस्त्रींच्या मिशीतल्या हसण्यावरून कळत होतं.

मी बरण्या बघून देत होतो. मागे शाफ्ट ताटकळत उभे. प्रधानसाहेब आले, रांग बघितली आणि गुपचूप घरी जाऊन आपली बरणी घेऊन आले.

नाईकांच्या काकूंची बरणी आली. लग्नातली, पोटात पायलीभर लोणचं मावेल अशी. दिवा धरला तर पार गळ्यापासून बुडापर्यंत बारीक रेघांचं जाळं! जुन्या चिनी मातीवरची झिलई अशी चिरतेच. मी हळूच म्हटलं, "काकू, हिच्यात घालू नका. सगळी तडकलीये."

काकूंनी बरणी कडेवर घेतली. "मेल्या, माझ्या चार बाळंतपणांत लोणचं टिकलंय हिच्यात! तुझ्या दिव्यालाच तडा गेलाय!"

बरण्यांचे तडे रोज सापडत होते. पण जावईबापूंना बरणीचा तडा दाखवून काय उपयोग? लोखंडाला एक तडा सापडेल तर शपथ. इब्राहिम मिस्त्रींची दुरुस्तीच इतकी चोख की तडा जाणार कुठून! मी रोज सकाळी गणपतीला हात जोडायचो आणि मागायचो काय, तर "देवा, एक तरी शाफ्ट तडकू दे." पुढच्या क्षणी लाज वाटून म्हणायचो, "पण लाँचमध्ये नको, इथेच."

*

आणि एक दिवस देव पावला!

मृगाच्या आधीचे दिवस, उकाडा मरणाचा. एका शाफ्टवर दिवा धरला आणि बघतो तर काय, वीतभर नाही पण बोटभर लांबीचा झळझळीत हिरवा तडा! एका टोकाला जरा वळलेला. मी ओरडलोच, "सापडला! सापडला!"

प्रधानसाहेब धावत आले. मिस्त्री धावत आले. हिरू आला. सगळे त्या छोट्याशा खोलीत कोंबून उभे. मी म्हटलं, "बघा!"

सगळ्यांनी बघितलं. आणि तडा चालायला लागला!

तडा शाफ्टवरून डौलात खाली उतरला, जमिनीवर आला आणि प्रधानसाहेबांच्या दिशेनं निघाला.

"इंचू!" हिरू गर्जला. मग जे काय झालं ते सांगता येणार नाही, कारण चारही माणसं एकदमच पडद्यातून बाहेर पडायला गेली आणि छत्र्यांचा पडदा सगळ्यांच्या अंगावर! अंगणातल्या लोकांना नुसतं पायांच्या चार जोड्यांचं काळं गाठोडं पळताना दिसलं. आतून प्रधानसाहेबांचा आवाज, "पकडा त्याला! पकडा!" आणि माझा, "नको साहेब, नको!"

विंचू काळ्या दिव्याखाली चमकतो, हेही मला डिप्लोम्यात कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दिवेकर, लोकांच्या तड्यातनं पाणी गळतं. तुझा तडा नांगी मारतो!"

एक फायदा झाला. दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना सगळा कामगारवर्ग आपापल्या चपला माझ्या दिव्याखाली झटकून मगच पायात घालायला लागला. पहिला नंबर इब्राहिम मिस्त्रींचा!

*

आता शेवटचा. माझं लग्न झालं, संसार झाला, हे तुम्हाला दिसतंच आहे. चहाचा कप घेऊन ती बघा आलीच. पण कसं झालं ते ऐका.

नारळी पौर्णिमा उद्यावर आली. आमच्याकडे त्या दिवशी कोळी दर्याला सोन्याचा नारळ देतात, म्हणजे सोनेरी कागदात मढवलेला, आणि दर्या उघडतो. कंपनीचा रिवाज असा की हंगामाची पहिली फेरी हिरूच्या लाँचची, आणि त्या फेरीला शेठजी सहकुटुंब बसणार. सगळ्या लाँचा सज्ज होत्या. फक्त हिरूच्या लाँचचा शाफ्ट झिजल्यामुळे नवा मागवला होता आणि तो अगदी आदल्या दिवशी सकाळी येऊन पोचला. जावईबापूंनी स्वतः खरेदी केलेला. ग्रीस लावलेला, कागदात गुंडाळलेला, नवाकोरा!

मिस्त्रींनी टांगला, टोला दिला, डोळे मिटले. "नाद बरा हाय," म्हणाले. "घे, तुझी पूजा कर आणि दे लवकर."

मी धुतला, भिजवला, पुसला, पूड मारली, दिवा धरला. मधोमध एक हिरवी रेघ. सरळ नाही, गोल. शाफ्टला वेढा घालून, भरलेल्या हातातल्या बांगडीसारखी. तुटलेल्या शाफ्टचे दोन तुकडे जोडून, लेथवर कातून, पॉलिश मारून तो नवा म्हणून विकला होता!

मी मनापासून घाबरलो. वर्षभर ज्या तड्याची वाट बघितली तो मिळाला, आणि मिळावा तर कुठे, जावईबापूंच्या मालात! बोललो तर तिकीट खिडकी, आणि श्रीवर्धनची सुपारी कायमची कडक. नाही बोललो तर हिरू आणि लाँचभर माणसं. खोलीत मी एकटा आणि समोर ती हिरवी बांगडी. कुणी तरी माझ्याऐवजी बोलावं असं फार वाटलं.

मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी बघितलं. "हळद नाय ना रे?" म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून शाफ्ट रॉकेलनं घासून घासून धुतला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. बांगडी जशीच्या तशी! मिस्त्रींनी तिच्यावरून नख फिरवलं. नखाला काही लागत नव्हतं. मग हातोडी खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला काय ऐकू नाय आलं. तुला दिसलं. तू बोल, मी बाजूला उभा राहतो." मला त्या क्षणी रडू येणार होतं, पण तेवढ्यात अंगणात मोटार वाजली.

शेठजी आले होते. जावईबापूही होते. प्रधानसाहेबांनी माझा चेहरा बघितला आणि काहीही न विचारता शेठजींना म्हणाले, "शेठजी, दिव्याचा शेवटचा दिवस आहे, एकदा बघून घ्या." सगळे आत आले. मागून हिरूही घुसला. पडदा पडला. काळोखात फक्त ती हिरवी बांगडी.

"आ शूं छे?" शेठजींचा आवाज आला. "हे काय आहे?"

"तडा, शेठजी," मी म्हणालो. "दोन तुकडे जोडलेत. हा शाफ्ट नवा नाही. दर्यात मोडेल."

"कोणी घेतला हा माल?"

शेठजी शाफ्टवर आणखी वाकले.

"अरे, बोला ने कोणीतरी! कोणी घेतला?"

शेवटी हिरूचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "शेट, कुनाचा नाव आंधारान घेत न्हाय. परदा सारा, मंग सांगतो."

पडदा सरकला. लख्ख उजेड. प्रधानसाहेब छपराकडे बघत होते. मिस्त्री छपराकडे बघत होते. हिरू छपराकडे बघत होता. आणि जावईबापू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

पायात चपला होत्या.

शेठजींनी त्या चपलांकडे बराच वेळ बघितलं. जावयाला चारचौघांत वावगं बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. दोन्ही हात जोडले आणि साखरेच्या आवाजात म्हणाले, "जमाईराज, दर साल पहिल्या फेरीला मी बसतो. या साली मान तुमचा. हाच शाफ्ट बसवू, नवाकोरा आहे ने! तुम्ही अगदी पुढे बसा. सोन्याचा नारळ तुमच्या हातानं दर्यात सोडा."

"या सायब!" हिरूचा आवाज परत आला होता. "म्होरंच बसा! उद्या लाटा लय भारी हान!"

जावईबापू हळूहळू सरळ झाले. शाफ्टकडे बघितलं. दाराबाहेर खाडीच्या तोंडाशी भरतीच्या लाटा फुटत होत्या, त्यांच्याकडे बघितलं. रुमालानं मान पुसली.

"पप्पाजी," ते म्हणाले, "मी काय म्हणतो... बंदरावर त्या तिकीट खिडकीत माणूस हवा होता ना? उद्या मीच बसतो तिथे!"